पेटी, पेन आणि पुणे-मिरज रस्ता

संगीतावर लिहायचंय? मग पहिला धडा: खंडाळा कुठलं, ते आधी विचारून घ्या.

१९९८ च्या ‘गुलाम’मधलं जे गाणं आमिर खाननं स्वतःच्या गळ्यानं गायलं (सोबत अलका याग्निक, संगीत जतीन-ललित यांचं, शब्द नितीन रायकवार यांचे), त्यातलं खंडाळा लोणावळ्याशेजारचं, बोरघाटाच्या माथ्यावरचं. त्या एका गाण्यापायी आमिरला पार्श्वगायनासाठी फिल्मफेअरचं नामांकन मिळालं, आणि सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या पोरापोरींच्या वाट्याला नुसतीच चेष्टा आली. आपलं खंडाळा वेगळं. पुण्याहून निघालात की नीरेच्या पुलावर पुणे जिल्हा संपतो, शिरवळ लागतं, मग खंडाळा, आणि लगेच खंबाटकीचा घाट. गाण्यामुळे तिकडे पर्यटक गेले. इकडे आपले ट्रकच.

पण हाच रस्ता धरून खाली मिरजेपर्यंत या. गाण्यावर लिहिणारे, गाण्याची मासिकं काढणारे आणि दुसऱ्याच्या मजकुरावर लाल शाई फिरवणारे इतके लोक या पट्ट्यात होऊन गेलेत की एखाद्या विद्यापीठाला हेवा वाटावा. त्यातल्या जवळपास कुणाचंच पोट निव्वळ त्या लिहिण्यावर भरलं नाही. तरीही इथं गुरूनं मासिक काढलं, मग शिष्यानं काढलं, मग शिष्याच्या शिष्यानं चालवलं. गायकीचं घराणं सगळ्यांना ठाऊक असतं. मिरजेच्या आसपास मासिकांचंही घराणं निघालं. तिथवर पोचायचंय, पण वाटेत थांबण्यासारखं बरंच आहे.

तालुक्याच्या पहिल्या संपादक

खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. मुलींची शाळा, अंगावर आलेलं शेण, १८५४ चा ‘काव्यफुले’ हा संग्रह, हे सगळं पाठ्यपुस्तकात येतं. एक बिरुद मात्र सुटतं: संपादक. १८५६ सालच्या जोतीरावांच्या भाषणांच्या पुस्तकावर संपादक म्हणून नाव आहे ते सावित्रीबाईंचं. नवऱ्याचं बोलणं बायकोनं तपासायचं, नीटनेटकं करायचं आणि छापायला धाडायचं, तेही १८५६ मध्ये! (नवऱ्याच्या बोलण्याचं संपादन आजही घरोघरी चालतं म्हणा. छापून तेवढं येत नाही.)

ज्या मैफलीचं परीक्षण येत नाही

आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान होतं, पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि याच तालुक्यातल्या लोणंदला मुक्कामाला येते. लाखभर गळे, हजारो टाळ, शेकडो मृदंग. वर्तमानपत्रांत फोटो येतात, पावसाचा अंदाज येतो, वाहतुकीतले बदल येतात. गाणं कसं झालं, हे कुणी लिहीत नाही.

आणि तिथलं गाणं काही मनाला येईल तसं चालत नाही. कुठल्या वेळी कुठले अभंग, सकाळी काय, वाटचालीत काय, हरिपाठ कधी, याची भजनी मालिका ठरलेली असते. ही शिस्त घालून दिली हैबतबाबांनी. तेही सातारा जिल्ह्यातल्याच आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले. फौजेत वावरलेला माणूस भक्तीला लागला, की रथापुढच्या २७ दिंड्यांनाही रांगेचा क्रम मिळतो. दोनशे वर्षांच्या आसपास चाललेला एवढा लांब कार्यक्रम, आणि त्याची क्रमवारी लावणारा माणूस पायी चालणारा. याला मी तरी संपादकच म्हणेन.

त्यातली सगळ्यात झकास गोष्ट समाजआरतीच्या वेळी बघायला मिळते. चोपदार चोप उंचावतात आणि एवढा मोठा जमाव एका क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तेवढी दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो आणि मगच ते टाळ थांबतात. वाचकांच्या पत्रव्यवहाराचं यापेक्षा कानठळ्या बसवणारं सदर कुठल्याही संपादकाला चालवावं लागलेलं नाही.

वाईचे ‘अभ्यागत’

खंबाटकी उतरलात की वाईचा फाटा. कृष्णाकाठचं हे गाव चित्रपटवाल्यांना घाटांमुळे माहीत, पण हातात पेन असणाऱ्यांसाठी वाई म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्राज्ञपाठशाळेत शिकायला म्हणून वाईला आले आणि वाईचेच झाले. पुढे विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्यात न जाता इथंच वसलं आणि १९७६ मध्ये पहिला खंड बाहेर पडला. राग, ताल, वाद्यं, गवई यांच्या नोंदी अकारविल्हे लागतात, त्यामुळे शेजारी कोण येईल याचा नेम नाही.

मुक्त संपादकांना इथं एक भारदस्त पदवी सापडते. विश्वकोशात एकेका विषयासाठी बाहेरच्या तज्ज्ञांना जोडून घेत, त्यांना ‘अभ्यागत संपादक’ म्हणत. घरी बसून दुसऱ्याचा मजकूर तपासणाऱ्या माणसाला शेजारीपाजारी ‘सध्या काही करत नाहीत ते’ म्हणतात. त्यांनी दारावर ही पाटी लावून बघावी.

एका शब्दाचं परीक्षण

सातारा सोडून कऱ्हाडकडे निघालात की रस्त्यावर नागठाणे लागतं. थांबा, फोटो काढू नका! बालगंधर्वांचं नागठाणे ते हे नव्हे. नारायण श्रीपाद राजहंसांचं नागठाणे सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. दोन खंडाळी, दोन नागठाणी. गावाच्या नावापुढे तालुका लिहायचा कंटाळा करणाऱ्या लेखकाला हा रस्ता माफ करत नाही.

त्या राजहंसांच्या पोराचं गाणं लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि ‘बालगंधर्व’ म्हटलं, अशी कथा मराठी घरात सगळ्यांना पाठ आहे. पत्रकारितेच्या नजरेनं बघा: केसरीच्या संपादकानं केलेलं हे संगीत-परीक्षण एका शब्दाचं आहे. आवाज, वय, दर्जा आणि भाकीत सगळं त्यात आलं, आणि मूळ नाव मागे पडून तोच शब्द पुढे जन्मभर चालला. आता आठशे शब्दांच्या परीक्षणात ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’ हे तीनदा येतं.

केसरीवरून आठवलं. केसरीचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर याच वाटेवरचे, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. केसरी १८८१ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी संपादक डोंगरीच्या तुरुंगात. तिथले १०१ दिवस आगरकरांनी वाया घालवले नाहीत, त्यावर पुस्तक लिहिलं. शिवाय ‘हॅम्लेट’चा ‘विकारविलसित’ केला. मुदत पाळायला हल्लीच्या लेखकांना अशी शांत जागा मिळत नाही, एवढीच अडचण.

नांगराच्या कारखान्यातून मासिक

पलूस तालुका म्हणजे या सफरीतली चैन आहे. नागठाणे इथं, आणि किर्लोस्करवाडीही इथंच. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, लोखंडी नांगर निघू लागले आणि दहा वर्षांनी, १९२० मध्ये, त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. मुळात ते कारखान्याच्या बातम्यांपुरतं. शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे हाडाचे चित्रकार. त्यांच्या हाती पडल्यावर त्याचं ‘किर्लोस्कर’ झालं, मग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला नवे विचार पुरवणारी तीन मासिकं एका माळरानावरच्या वसाहतीतून निघत होती. मासिक काढायला शहर लागतं, हा समज इथं मोडीत निघाला आणि भट्टीतही गेला असेल.

सर्कशीच्या तंबूत ख्याल

त्याच तालुक्यात अंकलखोप. इथले विष्णुपंत छत्रे भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ओळखले जातात. हा माणूस ग्वाल्हेरला गेला आणि दोन विद्या शिकून आला: घोडे शिकवणं आणि हद्दू खाँसाहेबांकडून गाणं. पोट घोड्यांनी भरलं. गाण्याचं ऋण त्यांनी जसं फेडलं तसं कुणी फेडलं नसेल. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ अफूच्या नादी लागून काशीत अगदी दैन्यावस्थेत होते. छत्र्यांनी त्यांना उचललं आणि आपल्याबरोबर ठेवून घेतलं. सर्कस गावोगाव फिरायची आणि तिच्याबरोबर त्या काळातला एक अव्वल ख्यालिया फिरायचा. पुढे लोक त्यांना ‘भूगंधर्व’ म्हणू लागले. विष्णुपंत गेले तरी त्यांचे भाऊ काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना अंतर दिलं नाही. १९२२ मध्ये रहिमत खाँ गेले, ते कृष्णाकाठच्या कुरुंदवाडात.

वाघ-सिंह, झोपाळे, घोडे आणि मध्येच ग्वाल्हेर गायकी. अशा दौऱ्यावर बातमीदार म्हणून जायला कोण नाही म्हणेल?

दिवसा अग्रलेख, रात्री नाट्यपदं

सांगलीत पोचलो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ इथं झालं आणि मराठी रंगभूमीचा जन्मदाखला या गावच्या नावावर लागला. पण आपला माणूस दुसरा: कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. जन्म सांगलीचा, १८७२ चा. केसरीचे संपादक, १९२३ पासून स्वतःच्या ‘नवाकाळ’चे संपादक, आणि लेखणीपायी तुरुंगाची हवा खाल्लेले. आता याच माणसाच्या नावावर ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) ही संगीत नाटकं आहेत! एका नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, दुसऱ्याच्या भास्करबुवा बखल्यांच्या. मराठी माणसाच्या कानावर रागदारी घरबसल्या पडली, त्यात या दोन नाटकांचा वाटा फार मोठा, आणि ती लिहिली राजकीय अग्रलेख लिहिणाऱ्या संपादकानं. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं, तेव्हा राजकारण आणि गाणं एकाच तिकिटावर मिळालं.

टेंबे हे प्रकरणही और. पेटी वाजवणारे, चाली लावणारे, नट, नाटककार आणि शिवाय लेखक. १९३९ मध्ये त्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ आलं. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली! ती जवळपास तीन दशकं टिकली. टेंबे १९५५ मध्ये गेले. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका थोर पेटीवादकाच्या हयातीत त्याच्या वाद्याला आकाशवाणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. पेटीवर बंदी असते, पेनावर नसते, म्हणून संगीतकारांनी लिहावं, असा धडा कुणाला काढायचा असेल तर काढावा.

मासिकांचं घराणं

आता मिरज, आणि ज्यासाठी एवढा रस्ता तुडवला ती गोष्ट.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (जन्म १८४९) हे ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणारे. गाणं शिकण्यासाठी त्यांनी काय काय सोसलं, उपाशीतापाशी किती वणवण केली, याच्या गोष्टी गवई अजून सांगतात. त्यातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही: हे बुवा संपादकही होते. मुंबईत असताना त्यांनी गायन समाज काढला आणि ‘संगीतदर्पण’ नावाचं मासिक सुरू केलं. मग दम्यानं गाठलं, मुंबई मानवेना, बुवा दक्षिणेकडे परतले आणि मासिक राहिलं. पुढे मिरज, औंध, इचलकरंजी अशा संस्थानांत राहिले, पण तिथं त्यांनी छापखाना जवळ केला नाही.

मिरजेत त्यांच्याकडे एक मुलगा आला. कुरुंदवाडचा, दत्तजयंतीच्या शोभेच्या दारूनं डोळे भाजलेला. मिरजेचे डॉक्टर भडभडे यांच्याकडे उपचार चालले होते. शाळेचं शिक्षण आता कठीण, तर गाणं शिकवावं, असं ठरलं. हे विष्णू दिगंबर पलुसकर. डोळे अधू झाले म्हणून गाण्याकडे वळलेल्या या माणसानं पुढे काय करावं? पुस्तकं छापली! ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी तयार केली, ती छापण्यासाठी स्वतःचा छापखाना घातला आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालवलं. गुरूचं मासिक मुंबईत थांबलं होतं, शिष्याचं लाहोरात सुरू झालं.

पलुसकरांनी संगीत-पत्रकारांवर आणखी एक उपकार केला आणि त्याची जाण पत्रकारांनाच नाही. मिरज सोडल्यावर सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. तोवर गाणं दरबारात. तिथं परीक्षण म्हणजे राजेसाहेबांची मान डोलली की शालजोडी, नाही डोलली की घरची वाट. तिकीट काढून बसलेल्या माणसाला मात्र मत असतं, आणि ते मत छापणारं कुणीतरी लागतं. तिकीट खिडकी नसती तर संगीत-समीक्षक हा प्राणीही जन्मला नसता. मुंबईच्या महाविद्यालयाची इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली. पलुसकरांनी शेवटचा श्वास घेतला तो मिरजेतच, २१ ऑगस्ट १९३१ रोजी.

तिसरी पिढी खास मिरजेची. बाळकृष्ण रघुनाथ देवधर, जन्म ११ सप्टेंबर १९०१, मिरज. पलुसकरांचे शिष्य. पण यांची भूक निराळी होती. रीतसर पदवी घेतली, मुंबईत स्क्रिंझी नावाच्या इटालियन गुरूकडे पाश्चात्त्य संगीत शिकले, १९२५ मध्ये आपली संगीतशाळा काढली. ऑपेरा हाऊसजवळच्या या शाळेत १९३६ च्या सुमारास बारा वर्षांचा कुमार गंधर्व शिकायला आला. एवढं एक वाक्य कुणाच्याही चरित्राला पुरलं असतं. देवधरांना पुरलं नाही.

गुरुभावांनी पलुसकरांच्या मागे गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं होतं. त्या मंडळाचं ‘संगीत कला विहार’ १९४७ मध्ये निघालं आणि संपादकाच्या खुर्चीत देवधर बसले. गुरूचा गुरू, गुरू आणि आता शिष्य: तिसरं मासिक! पहिली दोन लवकर विझली, हे मात्र टिकलं.

देवधरांचं काम वाचताना संगीत-पत्रकारानं काय करावं, ते उलगडत जातं. गवई लोक त्या काळात बोलायला नाखूश; चीज मागितली तर निम्मी देतील, आठवण मागितली तर पान पुढे करतील. देवधर त्यांच्याबरोबर बसले, त्यांना घरी जेवू घातलं, त्यांच्याकडून शिकले आणि मग लिहिलं. अल्लादिया खाँ, रहिमत खाँ, बडे गुलाम अली खाँ अशी माणसं त्यांच्या लेखांतून हाडामांसाची होऊन येतात. सिंदे खाँ हे तर फकिरी वृत्तीचे, विक्षिप्त म्हणून लोक टाळायचे असे गवई. देवधरांना त्या विक्षिप्तपणाआड बंदिशींचा खजिना दिसला. हे लेख पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आले, त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. आज कुठल्याही जुन्या खाँसाहेबांवर कुणी लिहायला बसलं, की फिरून फिरून देवधरांच्याच दारी यावं लागतं. माझ्या मते मराठीत संगीतावर अधिक विद्वत्तेचं लेखन झालं, अधिक रसाळही झालं. पण बातमीदाराचे कान आणि शिष्याचा नम्रपणा एकाच माणसात असे दुसरीकडे सापडत नाहीत.

एक टिंब, दोन सप्तकं

संगीताचा मजकूर तपासणं म्हणजे काय वैताग असतो, याचा हा नमुना. स्वरलिपीच्या दोन मोठ्या पद्धती: एक विष्णू नारायण भातखंड्यांची, एक पलुसकरांची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो तार सप्तकातला, वरचा. पलुसकर पद्धतीत तेच टिंब त्याच जागी दिलं की तो मंद्रातला, खालचा! डोक्यावरची उभी रेघ? भातखंड्यांकडे ती तीव्र मध्यमाची, पलुसकरांकडे तार सप्तकाची. दोघेही विष्णूच, दोघांचाही हेतू एकच की बंदिश कागदावर टिकावी. मधल्या मध्ये मुद्रितशोधकाच्या कपाळावर आठी. पद्धत कुठली ते न बघता छापलं, तर गाणाऱ्याला तळघरात जायचं असताना गच्चीवर चढावं लागेल. संगीताच्या संपादकाला चष्मा लवकर लागतो, त्यामागे हे एवढंसं टिंब आहे.

मी तो नव्हेच

विष्णू नारायण भातखंडे पेशानं वकील. त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, तो ‘चतुर पंडित’ या नावानं. मग मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिताना याच चतुर पंडितांच्या मतांचा आधार असा घेतला, जणू ते दुसरेच कुणी. वर ते पुस्तक गुरु-शिष्याच्या संवादात. म्हणजे प्रश्न भातखंड्यांचे, उत्तरं भातखंड्यांची आणि आधार भातखंड्यांचा! साक्षीदार फोडायची गरजच नाही.

या बुरख्याला जगभर मोठी परंपरा आहे. जर्मनीत रॉबर्ट शूमननं १८३४ मध्ये संगीताचं नियतकालिक काढलं आणि त्यात फ्लोरेस्टान व युझेबियस अशी दोन पात्रं वापरली. एक तापट, दुसरा स्वप्नाळू, लिहिणारा हात एकच. लंडनच्या ‘द स्टार’मध्ये बर्नार्ड शॉ संगीतावर तिखट लिहायचा, ते ‘कॉर्नो दि बासेत्तो’ या नावानं. ते एका मागे पडलेल्या वाद्याचं नाव.

आपल्याकडे केशवराव भोळे. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलेले. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या नावांनी त्यांनी गवयांवर लिहिलं आणि ते वाचून अनेकांचे तंबोरे तापले. मग दैवानं गंमत केली. ‘प्रभात’नं १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला बस्तान हलवलं, आपल्याच रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, आणि भोळे तिथं संगीत दिग्दर्शक झाले. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’. काल दुसऱ्यांचे सूर तोलणारा आज स्वतः तराजूत. परीक्षा उत्तम गुणांनी पास झाले हे सांगायला नको. ‘संत तुकाराम’ची तर १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली.

त्याच चित्रपटातला एक अभंग शांताराम आठवल्यांचा, पण तो इतका बेमालूम उतरला की जाणकार मंडळी तुकोबांच्या गाथेत त्याचा शोध घेत बसली. आजही कार्यक्रमपत्रिकेत कवी म्हणून कुणाकुणाचं नाव छापतात ते बघा. मुक्त संपादकाला एखाद्या संगीत-सभेनं पत्रिका तपासायला दिली, तर तेवढ्या एका नावात त्याचं मानधन वसूल होतं.

मानधन म्हणजे किती?

हा प्रश्न सभ्य घरात विचारत नाहीत, कारण उत्तरही सभ्य नसतं. त्याऐवजी कोण काय करून लिहायचं ते बघू. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) लिहून घराण्यांची मांडणी करणारे वामनराव देशपांडे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. भातखंडे वकील. खाडिलकर राजकारणात. देवधर शाळा चालवायचे. शंवाकि कारखान्याच्या घरातले. गाण्यावरचं मराठीतलं उत्तमोत्तम लेखन ज्यांनी केलं, त्यांची चूल दुसरीकडे पेटलेली होती, म्हणून त्यांना कुणाची भीड नव्हती. हे मला जितकं खरं वाटतं तितकंच खटकतंही. कारण ज्याची चूल याच लेखनावर पेटायची आहे, त्यानं काय करावं? त्यानं १९०९ साली ‘मनोरंजन’नं पाडलेल्या दिवाळी अंकाच्या प्रथेला हात जोडावेत. आषाढातच दिवाळी सुरू होते, गवयांच्या मुलाखती मागवल्या जातात, प्रुफांचे गठ्ठे घरी येतात आणि भाऊबीजेपर्यंत माणूस व्यग्र असतो. मानधनाचा धनादेश मात्र संक्रांतीला तिळगुळाबरोबर आला तरी लवकर आला म्हणायचं.

जाता जाता, मिरजेच्या बाजारात

सतारमेकर गल्लीत चक्कर मारल्याशिवाय मिरज पुरी होत नाही. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम मंदावलं, तेव्हा इथल्या शिकलगारांनी हत्यारांना पाणी द्यायचं सोडून तंबोऱ्यांना जवारी लावायला घेतली. आडनावच सतारमेकर झालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. मिरजेचे झालेले, १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनावर गेलेले, आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेले. त्यांच्या हळुवार सुरांवर देवधरांपासून भोळ्यांपर्यंत सगळ्यांनी लिहिलंय. पण त्यांच्या एका शिष्याकडे समीक्षकांचं जरा दुर्लक्षच झालं. खाँसाहेबांनी टिपू नावाचा एक कुत्रा पाळला होता आणि त्याला सुरात आवाज लावायला शिकवलं होतं, असं सांगतात. मुंबईत लोकांसमोर तो गायलाही म्हणे. किराणा घराण्याच्या शिष्यपरंपरेच्या याद्या पुष्कळ छापल्या गेल्या. टिपूमियाँचं नाव त्यांत दिसत नाही. जागेअभावी संपादकानं कापलं असणार.